चार अँपिअरचा चार्जर, गावभागातलं घर आणि तीन पावसाळे

मे २०२२ मध्ये मिरज रोडवरच्या एका बॅटरीच्या दुकानातून मी गाडीची बॅटरी घरी चार्ज करायचा ऑटोमॅटिक चार्जर घेतला. बारा व्होल्ट, चार अँपिअर. २,६५० रुपये पडले. तीन पावसाळे उलटून गेले, चार्जर धडधाकट आहे, गाडीतली बॅटरीही तीच आहे, म्हणून आता त्याच्याबद्दल खात्रीनं सांगता येईल. ज्यांची गाडी आठवड्यातून एखाददुसऱ्या वेळीच बाहेर निघते त्यांनी असा चार्जर घरात ठेवावा, हे माझं स्पष्ट मत. माझ्या तीन तक्रारी आहेत, त्याही सांगते.

कंपनीचं नाव देत नाही. दुकानदारानं काउंटरवर तीन खोकी मांडली होती. नावं तीन, किमती तीन, आत मात्र बटणापासून दिव्यांच्या रांगेपर्यंत तोच चार्जर. त्यामुळे नावापेक्षा खोक्यावर काय वाचायचं ते महत्त्वाचं.

चार्जर का घ्यावा लागला ते आधी सांगते. आमचं घर सांगलीच्या गावभागात, कृष्णा नदीपासून फार लांब नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा आमचा तळमजला पाण्यात होता. गाडी तेवढी वेळेत विश्रामबागला बहिणीच्या दारात नेऊन लावली होती. ४० फूट ही इशारा पातळी, ४५ ही धोक्याची, हे आकडे इथल्या लहान पोरांनाही पाठ असतात. २०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा चढायला लागलं आणि रात्री साडेअकराला मी किल्ली फिरवली, तर नुसतं टक् टक् टक्. डॅशबोर्डवरचे दिवे मिणमिणले आणि विझले.

मी मिरजेतल्या एका रुग्णालयात ३१ वर्षं नर्स होते. त्या वर्षी कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत आम्हाला न्यायला-आणायला रुग्णालयाची गाडी यायची, त्यामुळे आमची वॅगनआर जवळजवळ दोन महिने ढेलजेत, म्हणजे दारालगतच्या छपराखालच्या जागेत, जागची हलली नव्हती. दोन महिन्यांत बॅटरी पार उतरली होती. गल्लीतल्या एका पोरानं टेम्पो आणला, दोन बॅटऱ्यांमध्ये केबल जोडली, गाडी सुरू झाली, वाचली. पण शेवटचा काळा चिमटा त्यानं आमच्या बॅटरीच्या टर्मिनलवरच टेकवला आणि केवढी तरी ठिणगी उडाली. तो हसला. मला हसू आलं नाही.

कारण कॅज्युल्टीत मी एक पोरगा पाहिला होता. रात्री अंधारात बॅटरीतलं पाणी किती आहे ते बघायला त्यानं झाकण उघडून लायटर पेटवला. बॅटरी तोंडासमोर फुटली. एक डोळा आम्ही वाचवू शकलो, दुसऱ्याची दृष्टी बरीच गेली. आम्ही त्याचे डोळे धुवत होतो तेव्हा तो सारखा विचारत होता, "सिस्टर, नुसतं बघत होतो हो, हात पण लावला नव्हता, मग कसं काय झालं?"

झालं ते असं. बॅटरी चार्ज होताना, आणि भरत आल्यावर तर जास्तच, आतल्या पाण्याचं हायड्रोजन आणि ऑक्सिजनमध्ये विघटन होतं. हवेत हायड्रोजन चार टक्के झाला तरी ठिणगीनं पेट घेतो. तो दिसत नाही, त्याला वास नाही, आणि हवेपेक्षा हलका असल्यामुळे तो वर जाऊन छताखाली साचतो. बॅटरीच्या भोकांपाशी तर तो आधीपासूनच असतो. म्हणून बॅटरीच्या तोंडाशी ठिणगी किंवा ज्योत नको. चार्जरचे सगळे नियम या एका गोष्टीतून निघालेत आणि हे समजलं की ते पाठ करावे लागत नाहीत.

आता खोक्याबद्दल. आमचे भावजी कुपवाड एमआयडीसीत एका कारखान्यात इलेक्ट्रिशियन आहेत, त्यांना घेऊनच मी दुकानात गेले होते. दुकानदार आधी जुन्या पद्धतीचा, काटा असलेला जड चार्जर दाखवत होता. तो स्वस्त होता, पण बॅटरी भरली तरी करंट देतच राहतो. भावजी म्हणाले, "वहिनी, ह्याच्यावर ध्यान ठेवून बसाय लागतंय. विसरला की पाणी उकळून जातंय. तुम्ही तो आपोआप कमी होणारा घ्या." आपोआप कमी होणारा म्हणजे आधी पूर्ण करंट देणारा, बॅटरी १४.४ व्होल्टपर्यंत चढली की तिथं धरून करंट हळूहळू उतरवणारा, आणि भरल्यावर साडेतेरा व्होल्टच्या आसपास नुसता आधार देत राहणारा. खोक्यावर हे टप्पे छापलेले असतात. उलटे चिमटे लावले तर चालूच होणार नाही, हेही लिहिलेलं हवं. आणि चौकोनात चौकोन असं चिन्ह दिसलं तर त्याला दुहेरी इन्सुलेशन आहे, म्हणून त्याची पिन दोनच पायांची असते. अर्थिंगचा तिसरा पाय नाही हे बघून मी आधी घाबरले होते. भावजींनी चिन्ह दाखवल्यावर शंका फिटली.

चार अँपिअरच का? आमच्या गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-अवरची आहे, बहुतेक छोट्या पेट्रोल गाड्यांची तेवढीच असते. बॅटरीच्या क्षमतेच्या दहाव्या भागाएवढा करंट तिला सोसतो, म्हणजे साडेतीन-चार. दुकानात दहा अँपिअरचाही होता, आणि लवकर होतं म्हणून बरेच जण तोच नेतात असं तो म्हणाला. मला घाई नव्हती. सलाईनसुद्धा आम्ही थेंब मोजून लावतो.

इथं एक विषय काढायलाच हवा, कारण आमच्याच गल्लीत दोन घरी तो प्रकार होतो. गाडीची बॅटरी उतरली की लोक ती काढून घरच्या इन्व्हर्टरला जोडतात. इन्व्हर्टर दीडशे अँपिअर-अवरच्या ट्युब्युलर बॅटरीसाठी असतो, तो पंधरा अँपिअरच्या आसपास करंट सोडू शकतो. ३५ च्या बॅटरीला तो चौपट झाला. बॅटरी तापते, खदखदते, वायू भराभर बाहेर पडतो, आणि हे सगळं दिवाणखान्याच्या कोपऱ्यात, कधी देव्हाऱ्याच्या भिंतीला लागून. कृपा करून असं करू नका. हात जोडून सांगते.

पहिल्यांदा चार्जर लावला तो दिवस चांगला आठवतो. भावजी शेजारी उभे राहिले, हात मला लावायला लावला. सुरुवात दागिन्यांपासून. पाटल्या, अंगठी, घड्याळ काढून ठेवलं. मंगळसूत्र काढायला मन तयार होईना, ते ब्लाउजच्या आत सरकवलं आणि वरून जुना सुती शर्ट चढवून गळ्यापर्यंत बटणं लावली. सोन्याची बांगडी एका बाजूला पान्याला आणि दुसऱ्या बाजूला गाडीच्या पत्र्याला टेकली तर तिच्यातून शेकडो अँपिअर जाऊ शकतात, क्षणात ती लाल होते आणि मनगट भाजतं. बारा व्होल्टचा झटका बसत नाही, म्हणून लोक बेफिकीर असतात. झटका नाही, भाजणं आहे.

मग डोळ्यांवर चष्मा. माझा नंबरचा चष्मा पुरत नाही, बाजूनं उघडा असतो, म्हणून हार्डवेअरच्या दुकानातून साठ रुपयांचा प्लास्टिकचा बंद गॉगल आणला. हातात रबरी मोजे. जवळ पाण्यानं भरलेली बादली आणि तांब्या.

आणि मग क्रम. भिंतीवरचा स्विच बंद, पिन बोर्डाच्या बाहेर. लाल चिमटा अधिक टर्मिनलवर. काळा चिमटा बॅटरीवर लावायचा नाही, इंजिनाच्या किंवा बॉडीच्या रंग नसलेल्या एखाद्या जाड बोल्टवर, बॅटरीपासून आणि पेट्रोलच्या नळीपासून हातभर लांब. ठिणगी उडालीच तर ती शेवटच्या जोडणीला उडते, आणि ती वायूपासून दूर उडावी. दोन्ही चिमटे पक्के बसले की पिन लावायची, स्विच सगळ्यात शेवटी. काढताना उलटं. आधी स्विच बंद, मग पिन, मग काळा, मग लाल. "वहिनी, ध्यानात ठेवायला सोपं," भावजी म्हणाले, "लाल आधी येतो, शेवटी जातो. थोरल्या पाव्हण्यासारखा." मी ते कागदावर लिहून ढेलजेच्या भिंतीवर चिकटवलं, आमचे हे आणि मुलगासुद्धा ते वाचूनच चिमट्यांना हात लावतात. पाठ आहे म्हणून न वाचता इंजेक्शन भरणाऱ्या हुशार मुली मी पाहिल्यात, म्हणून हा हट्ट.

चार्जर बॅटरीच्या डोक्यावर ठेवायचा नाही, वायर पुरेल तितका लांब ठेवायचा. आणि आता पहिली तक्रार. वायर अपुरी आहे. चिमट्यांपर्यंत जेमतेम दीड मीटर. बोनेटमधून बाहेर येऊन स्टुलावर ठेवण्यापुरतीच. शिवाय चिमट्यांची स्प्रिंग ढिली आहे आणि दोन जबड्यांपैकी एकाच जबड्याला तांबं आहे, दुसरा नुसता पत्रा. सहा महिन्यांतच लाल चिमट्याची पकड कमी झाली. ढिला चिमटा म्हणजे पुन्हा ठिणगीच. भावजींनी चांगले, तांब्याचे चिमटे आणून बदलून दिले, जोडीला शंभर-सव्वाशे रुपये लागले. अडीच हजारांच्या वर घेणाऱ्यानं ते आधीच द्यायला हवे होते. दुकानात घेतानाच चिमटा बोटावर दाबून बघा, बोट आवळलं जातं की नाही.

आमची ढेलज जुनी आहे, वर सागवानी तुळया आणि त्यावर पोटमाळा. हायड्रोजन साचायला अगदी सोयीची जागा. म्हणून चार्जिंग चालू असेल तेव्हा रस्त्याकडचा दरवाजा आणि मागचं चौकाचं दार दोन्ही सताड उघडी असतात, बोनेट पूर्ण वर असतं. मागच्या चौकात आमचा तांब्याचा बंब आहे, सासूबाईंना बंबाचंच पाणी लागतं. पहिल्या दिवशी मी सगळं मन लावून केलं आणि दहा मिनिटांनी लक्षात आलं की दहा-बारा फुटांवर बंबात गोवऱ्या फुललेल्या आहेत. ताबडतोब भिंतीवरचा स्विच बंद केला. तेव्हापासून वेळ ठरली आहे. सकाळच्या आंघोळी उरकल्या, बंब पूर्ण विझला, की नऊच्या सुमाराला लावायचं आणि चारच्या आत काढायचं, कारण संध्याकाळी तुळशीपुढे दिवा लागतो, उदबत्ती लागते. रात्री लावून झोपायचं नाही. चार्जर आपोआप कमी होतो, भरल्यावर लावून ठेवला तरी चालतो असं पत्रकात आहे, आणि ते खरंही असेल. पण झोपलेल्या घरात वास कोणाला येणार?

हो, वास. नेहमीच्या चार्जिंगला वास जवळजवळ येत नाही. सडक्या अंड्यासारखा वास आला, बॅटरीची बाजू हाताला चटका देण्याइतकी तापली, किंवा पेटी फुगल्यासारखी दिसली, तर चिमट्याला हात लावायचा नाही. भिंतीवरचा स्विच बंद करायचा, दारं उघडी ठेवायची आणि बॅटरी थंड होईपर्यंत लांब राहायचं. ती बॅटरी पुन्हा घरी चार्ज करायची नाही. पुरात बुडालेली बॅटरी तर नाहीच नाही.

ॲसिडबद्दल नर्स म्हणून दोन गोष्टी सांगते, त्या चार्जरच्या पत्रकात एका ओळीत उरकल्यात. बॅटरीतलं सल्फ्युरिक ॲसिड डोळ्यात गेलं तर नळाखाली डोळा उघडा धरून किमान पंधरा मिनिटं धुवायचा, घड्याळ लावून. पंधरा मिनिटं फार लांब वाटतात, दोन मिनिटांत माणसं थांबतात आणि रिक्षा शोधायला पळतात. आधी पाणी, मग रिक्षा. दूध, गुलाबपाणी, तूप, खायचा सोडा, काहीही डोळ्यात घालायचं नाही. खायचा सोडा आहे तो फरशीवर आणि टर्मिनलवर सांडलेल्या ॲसिडसाठी, तिथं तो फेस काढून ते मारतो. कातडीवर पडलं तरी भरपूर पाणीच. सुती कपड्यावर पडलेला थेंब तेव्हा दिसत नाही, धुतल्यावर तिथं भोक पडलेलं असतं. माझ्या त्या सुती शर्टाला आता चार भोकं आहेत, सगळी डिस्टिल्ड वॉटर भरायच्या दिवसांतली.

आमच्या बॅटरीला सहा झाकणं आहेत, म्हणजे तिच्यात पाणी घालता येतं. आतल्या शिशाच्या प्लेटा उघड्या पडल्या असतील तर चार्जिंगच्या आधी त्या बुडतील एवढंच घालायचं, खुणेपर्यंत भरायचं ते चार्ज झाल्यावर, कारण चार्ज होताना पातळी थोडी चढते. डिस्टिल्ड वॉटरच. सांगलीच्या नळाचं पाणी नको, आरओचंही नको, आणि ॲसिड तर कधीच घालायचं नाही, बाहेर जातं ते पाणी असतं. ज्यांची बॅटरी बंद प्रकारची आहे त्यांना हा उद्योग नाही. तिच्यावरचा चार्ज दाखवणारा हिरवा डोळा मात्र सहापैकी एकाच कप्प्याची हकिकत सांगतो, त्याच्यावर फार विसंबू नये.

बॅटरी गाडीतून काढायचीच झाली तर दहा नंबरचा पाना घेऊन आधी काळी वायर सोडवायची, बसवताना काळी शेवटी. उलटं केलं आणि पाना पत्र्याला लागला तर सगळा करंट पान्यातून जातो. वजन नऊ-दहा किलो असतं, कंबर सांभाळून. काढलेली बॅटरी जमिनीवर ठेवली की उतरते असं जुनी माणसं सांगतात. आताच्या प्लास्टिकच्या पेट्यांना तसं होत नाही. मी तरी लाकडी पाटावर ठेवते, कारण आमची फरशी शहाबादी आहे. शहाबादी म्हणजे चुनखडीचा दगड, ॲसिडचा थेंब पडला की फसफसून कायमचा पांढरा डाग. एक डाग पडलाय, जुन्या बॅटरीचा. पण एरवी मी बॅटरी काढतच नाही, गाडीतच चार्ज करते. १४.४ व्होल्ट गाडीला नवीन नाहीत, इंजिन चालू असताना बॅटरी भरणारा अल्टरनेटरही साधारण तेवढंच देतो, आणि घड्याळ-रेडिओ पुन्हा लावत बसावा लागत नाही.

इथंच दुसरी तक्रार. चार्जरला "रिपेअर" म्हणून एक पर्याय आहे, तो झटके देऊन आणि जास्त व्होल्टेज चढवून मरगळलेली बॅटरी उठवायचा प्रयत्न करतो. तो वापरायचा तर बॅटरी गाडीपासून पूर्ण सोडवलेलीच हवी, नाहीतर तो जास्तीचा दाब गाडीतल्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंवर येतो. असा धोक्याचा पर्याय त्यांनी नेहमीच्याच बटणावर दिलाय, फक्त तीन सेकंद जास्त दाबायचं. बोट रेंगाळलं की सुरू. माझ्याकडून एकदा झालं, दिव्याचा रंग बदललेला लगेच दिसला म्हणून निभावलं. बनवणाऱ्यांनी याला वेगळं बटण द्यायला हवं होतं. बरं, त्या पर्यायानं जुनी बॅटरी उठते का? २०२१ मध्ये बंद पडलेली आमची जुनी बॅटरी जवळजवळ दोन महिने उभ्या गाडीत उतरत गेली होती, प्लेटांवर सल्फेटचा थर बसून कडक झाला होता. ती दुकानात बारा तास लावूनही सुधारली नाही, त्याच ऑगस्टमध्ये नवी घ्यावी लागली. थर बसूच न देणं हाच इलाज.

तिसरी तक्रार सगळ्यात मोठी. मधेच लाईट गेली आणि परत आली की चार्जर आपणहून सुरू होत नाही. नुसता एक दिवा लुकलुकत राहतो, पुन्हा बटण दाबावं लागतं. आपल्याकडं पावसाळ्यात लाईट किती वेळा जाते ते सांगायला नको. पहिल्या जून महिन्यात मी पाच तास झाले म्हणून समाधानानं काढला आणि सकाळी मीटर लावून बघते तर १२.३. लाईट पाच मिनिटं गेली होती, मी माडीवर होते. मागची स्थिती लक्षात ठेवणारे चार्जरही मिळतात, दुकानात स्विच बंद-चालू करून दाखवायला सांगा. एका मिनिटाचं काम आहे.

मीटर म्हणाले ते मल्टिमीटर. साडेतीनशे रुपयांचा. चार्जरइतकाच गरजेचा. चार्जरवरचा हिरवा दिवा भरली म्हणतो, पण काढल्या काढल्या मोजलं तर आकडा खोटा मोठा येतो. मी दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीचं दार उघडायच्या आधी मोजते. बोनेटचा खटका आतून ओढावा लागतो, म्हणून तो आदल्या रात्रीच ओढून ठेवते. १२.६ ते १२.७ म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या खाली गेली की चिंता. पुराच्या त्या वर्षी मीटर असता तर दहा दिवस आधीच कळलं असतं.

उभ्या गाडीची बॅटरी उतरते कशी, हा प्रश्न मला सगळे विचारतात. भावजींनी आमच्या गाडीचा बंद अवस्थेतला करंट मोजला, ३० मिलिअँपिअर. "वहिनी, गाडी झोपली तरी तिचं घड्याळ जागं असतंय, रिमोटचं लॉक जागं असतंय." दिवसाला पाऊण अँपिअर-अवर, महिन्याला साडेएकवीस. ३५ मधले साडेएकवीस महिन्यात गेले. त्यात मारुती चौकापर्यंत जाऊन भाजी घेऊन परत आलं तर इंजिन सुरू करायला गेलेला करंटही नीट भरून निघत नाही, पावसात वायपर, दिवे, काच पुसायला एसी, सगळं चालू असतं. गाडी थोडी चालवली म्हणजे बॅटरी भरली, हा समज मलाही होता. निदान अर्धा-पाऊण तास मोकळ्या रस्त्यावर चालवावी लागते, कराडच्या निम्म्या वाटेपर्यंत तरी.

म्हणून माझा नेम असा. ऑक्टोबर ते मे महिन्यातून एकदा, जून लागला की दर पंधरा दिवसांनी. पंधरा दिवसांनी बहुतेक वेळा १२.४ च्या आसपास मिळते. चार अँपिअरनं तीन तासांत बरीच चढते, पुढचे दोन तास करंट उतरत उतरत भरते. एकदा सासूबाईंच्या आजारपणात दीड महिना विसरले होते, तेव्हा १२.० होती आणि नऊ वाजता लावलेली चार वाजताही पुरती भरली नव्हती. काढली, दुसऱ्या दिवशी पुन्हा लावली. बॅटरी आठ व्होल्टच्या खाली गेली असेल तर हा चार्जर तिला ओळखतच नाही. त्याला फसवायला शेजारी दुसरी बॅटरी जोडायची युक्ती लोक सांगतात. इतक्या खाली गेलेल्या बॅटरीचा एखादा कप्पा मेलेला असू शकतो, ती दुकानात न्यावी.

हे सगळं एका दोनशे पानी वहीत आहे. तारीख, आधीचे व्होल्ट, लावल्याची वेळ, काढल्याची वेळ, सकाळचे व्होल्ट, पाण्याची पातळी. रुग्णाच्या उशाशी टांगलेल्या तापाच्या तक्त्यासारखी पानं आखली आहेत. पहिल्या वर्षी सकाळचा आकडा सतत १२.७० यायचा. गेल्या वर्षी १२.६५. या ऑक्टोबरपासून पूर्ण चार्ज करूनही १२.५५ च्या वर जात नाही. चार्जर तोच, गाडी तीच, मीटरचा सेल नवा घालूनही बघितला. बॅटरीला तीन वर्षं होऊन गेली, आता ती थकतेय. किल्ली फिरवल्यावर अजून एका झटक्यात सुरू होते, आणि आमचे हे म्हणतात की आणखी एक पावसाळा काढेल. काढेलही. पण नदीचं पाणी ३५ फुटांवर आलं की गाडी विश्रामबागला न्यायची असं आमच्या घरात ठरलेलं आहे, आणि त्या रात्री मला टक् टक् ऐकायचं नाही. मे महिन्यात नवी बॅटरी घ्यायची असं वहीच्या शेवटच्या पानावर लाल पेननं लिहून ठेवलंय, खाली भावजींचा फोन नंबर.